बाविसावा वाफा

नायेली, उद्यापासून निळा स्वेटर नको.
फुलकिड्यांना निळं आवडतं,
तुझ्या खांद्यावर बसून या वाफ्यातून त्या वाफ्यात
फुकटात फिरून येतील.
माझं हे मळकं राखी जाकीट बघ, अठरा वर्षं.
गावात कुणी विचारलं, सोइला, फुलांत काम करतेस
आणि अंगावर एक रंग नाही?
तर म्हणते, किड्यांना विचारा.

चल. साडेसहा झाले.
बाहेर कायांबेचा बर्फ उजळला असेल,
आत प्लास्टिकवरचं दव ठिबकतंय मानेत.
सुरुवात दाराजवळून, नेहमी.
दाराशी धूळ येते, आणि धुळीत कोळी रमतो.
वर बघू नकोस.
फूल बघायला दूरदेशी माणसं आहेत,
पैसे मोजून बघतात.
आपण पान बघायचं, तेही उलटं,
खालच्या फांदीचं, शिरेच्या कुशीत.
भिंग डोळ्याला चिकटव आणि पान भिंगाकडे आण.
भिंग पानाकडे नाही. सगळे हीच चूक करतात.

दिसलं?
पाठीवर दोन काळे ठिपके, सुस्त,
जागच्या जागी रस पिणारा, तो परका.
त्याचं अंडं गोल, काचेच्या थेंबासारखं.
आणि हा नारिंगी, फुगीर,
घरी दूध उतू चाललंय असा धावणारा, हा आपला.
मागल्या महिन्यात बाटलीतून भुशाबरोबर मीच शिंपडला.
त्याचं अंडं लांबट, जरा मोठं, फिकट गुलाबी.
दोन्ही मोज. वेगळ्या रकान्यात लिही.
घाबरून लगेच इंजिनिअरांकडे पळू नकोस.
औषध मारलं की दोघेही मरतात,
परका आपल्या पायांनी परत येतो,
आपला विकत आणावा लागतो.

हा बाविसावा.
इथे जरा टेकू.

गेल्या वर्षी सात आठवडे
या वाफ्यापुढे मी शून्य लिहिलं.
शून्य, शून्य, शून्य. सुबक.
इंजिनिअर पास्मिन्यो म्हणाले, बघा,
याला म्हणतात डोळ्यांत तेल घालून काम करणं.
आठव्या आठवड्यात झाडलोट करणारा पोरगा आला
एक फांदी घेऊन.
कळीवर कुणी मलमलीचा तुकडा पांघरला होता.
जाळं. ते मला दिसलं, भिंगाशिवाय.
मग मी भिंग घेतलं, आणि त्यात धुकं होतं.
पुसलं. धुकंच होतं.

ते शून्य पानाचं नव्हतं, नायेली.

फवारलं. करणार काय?
प्रेमिकांच्या सणाला तीन आठवडे उरलेले,
विमानतळावर एका खोक्यात एक जीव हलला
की अख्खी गाडी परत.
पांढऱ्या सुटातली माणसं आली, लाल पट्टी बांधली,
दोन दिवस आत कुणी नाही.
तिसऱ्या दिवशी गेले.
गुलाब असे, जणू नुकतीच अंघोळ घातलेली पोरं.
मी एक पान उलटं केलं.
माझे नारिंगी तिथे असणार, पाय आखडून.
दिसले नाहीत,
तरी धरून उभी राहिले, बराच वेळ.

हे नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.
तुला सांगते कारण तुला सतरावं चालू आहे
आणि परवा तू पलीकडच्या कुंपणावरच्या पक्ष्याच्या
चोचीतली अळी ओळखलीस.
तर असं करू.
तू मोजायचं, मी लिहायचं.
अक्षर माझं चांगलं आहे.
मात्र तू शून्य म्हणालीस
की दर वेळी विचारीन, पानाचं की डोळ्याचं?
रागावायचं नाही.

दुपारी भाजलेला मका आणलाय, दोघींपुरता.
हात धुऊन ये मग.
आता हे घे, तिसऱ्या ओळीतलं, खालचं.
उलटं कर.

बोल, किती?