मावळतीचं दार

धुळ्याबाहेर, टायरच्या दुकानामागं
बापानं बांधला हा गुरुद्वारा.
म्हणजे भिंती त्याच्या; घुमट मालेगावच्या मिस्त्रीचा,
जरासा कललेला, असं बापाचं म्हणणं.

"मावळतीले दार नको, बाबाजी, झाया येतीन."
ग्यानी हरबेलसिंग विटांच्या थप्पीवर बसून हसले,
"येऊ दे. झळांमागून माणूसही येतो."
दारं चारच राहिली.

परवा टँकर उलटला, रस्ता बंद.
मावळतीनंच आत आले
ड्रायव्हर, क्लीनर, शिरपूरची अख्खी वरात.
नवरदेवाला रुमाल दिला नाही कुणी,
फेटा होताच.
जसमेरकौर डाळ वाढत राहिली,
सरपंचाच्या अन् बँडवाल्याच्या मांडीला मांडी.

मी उंबऱ्याला हात लावला.
चटका बसला.
झळांचं बापाचं खरं होतं.