बाराव्या वर्षीचं मोजमाप

हरमटानच्या धुळीत सूर्य दुधी बल्बसारखा.
घानाचा पार वरचा, पश्चिमेचा कोपरा. डाबोयिरी.
साठ खाटांचं रुग्णालय, काम बंद.
अक्राहून रात्रभर बसनं येऊन
मी टेप उलगडते
आणि तिचं दुसरं टोक बायुओच्या हातात देते.

बायुओ पहारेकरी. अकरा वर्षं पहारा,
त्यातली पहिली दोन पगारी.
मग थांबलात कशाला?
"किल्ली परत घ्यायला कुणी आलंच नाही," म्हणतो,
आणि शर्टातून काढून दाखवतो
दारं नसलेल्या इमारतीची किल्ली.

लिहिते.
खांब अठ्ठेचाळीस. सळया उघड्या पडलेले एकोणीस.
छत, निम्म्याहून कमी.
पाण्याची टाकी उभी. आत मधमाश्या.
मधाला माझ्या पुस्तिकेत रकाना नाही.
एक्स-रेच्या खोलीसाठी शिशाचा पत्रा:
मंजूर झाला, आला, गेला.
(बायुओ पायांकडे बघतो.
काळ्या व्होल्टात त्या वर्षी
जाळी छान बुडत होती.)

राजधानीत याला भांडवली खर्च म्हणतात.
म्हणजे ज्याची फीत कापता येते असा.
परिचारिकेचा पगार दुसऱ्या लेखाशीर्षात,
जनरेटरचं डिझेल तिसऱ्या,
आणि इतकी शीर्षं
एका धडावर बसलेली
मी नोकरीत अजून पाहिली नाहीत.
तीन सरकारं आली, तीन पाट्या.
तिसरी उलटी करून
बायुओनं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं.
तेवढं एकच दार या आवारात.

स्त्री-कक्षाच्या कोब्यावर शियाच्या बिया वाळताहेत.
बायका पाय न उचलता मला वाट देतात.
मी वाकून लेव्हल ठेवते,
बुडबुडा जरा इकडे, जरा तिकडे,
मग बरोबर मधोमध.
उतार मोरीकडे, नकाशात आहे तितकाच.
कुणी गवंडी होता,
ज्यानं हे खरंच होणार आहे असं समजून
हात फिरवला होता.

प्रसूतिगृह. चार बाय सहा.
खिडक्यांना चौकटी नाहीत. मी 'अपूर्ण' लिहायला घेते,
तर बायुओ टेप सोडत नाही.
"इथं एक झालंय."

पावसाळा होता. वा शहराच्या रस्त्यावरचा पूल वाहून गेलेला.
पोग्ना मोटरसायकलवर तिघांत मधली,
या वळणावर म्हणाली, बस, आता पुढं नाही.
सुईण म्हणाली, कोरडं कुठाय?
एवढ्या खोलीवर छत होतं.
कंदील मी धरला, तो म्हणतो, तोंड फिरवून धरला.
मुलगी झाली. गाव तिला साइट म्हणतं.
ती बघा.
विटांवर विटा रचून दुकान मांडलंय तिनं.

आणि पोग्ना?

तो टेप गुंडाळायला लागतो,
जी गुंडाळायचं काम माझं.
"रक्त थांबेना," म्हणतो.
मग, कारण माणूस अकरा वर्षं
एकच नकाशा बघत आलाय,
"रक्तपेढी खोली नऊ. उजवीकडे, शेवटची."

खोली नऊ मी सकाळी शोधली होती.
तिथं पायाही खणलेला नाही.
कंत्राटदाराच्या बिलात मात्र ती आहे,
रंगासकट.

मी 'अपूर्ण' खोडते.
लिहिते: वापरात, एक वेळ.
साहेब हे वाचून
लाल पेन उघडतील, मला माहीत आहे.

दुकान बंद करून साइट येते.
न विचारता टेपचं टोक घेते.
काय मोजायचं?
मी नकाशा बघते, बघत राहते,
मग बोट दाखवते.
ती कमरेएवढ्या वाळल्या गवतात शिरते,
जिथं खोली नऊचा कोपरा यायचा
तिथं दोन्ही पाय रोवून उभी राहते
आणि ओरडते,
"धरलंय! ओढा!"