कूस

सप्टेंबर सरता सरता सफरचंदाची कूस पालटावी लागते.
एकेक, हातानं, देठाला धक्का न लावता,
म्हणजे सावलीत राहिलेला गाल उन्हाकडे येतो.
हे मला सासऱ्यांनी शिकवलं, एकोणीस वर्षांपूर्वी.
मी नुकतीच इलोइलोहून आलेले,
बर्फ पाहिलेला नाही, भाषा येत नाही,
आणि त्यांना बोलणं येत नाही.
तीन पायांच्या शिडीवरून
त्यांनी स्वतःचं मनगट फिरवून दाखवलं,
अस्सं.
माझ्या लुझचं त्यांनी रुझु केलं.
आता फोनवर मीही रुझुच म्हणते.

गेल्या वर्षी सोकिची नाराओकांनी शेती सोडली.
वरची बाग कासाईला कसायला दिली.
खालच्या उतारावरची झाडं तोडून टाकली,
कारण कुणी न बघितलेलं झाड कीड पोसतं
आणि ती कीड शेजाऱ्याच्या घरी जाते.
तोडण्याआधी प्रत्येक बुंध्याला घोटभर साके ओतली.
चाळिसाव्या झाडाशी बाटली संपली.
उरलेल्यांना थर्मासमधला चहा.
"त्यांना काय कळतंय," म्हणाले,
आणि चहा आधी फुंकून निववला.

मग पोलीस चौकीत जाऊन गाडीचा परवाना परत केला.
बदल्यात अर्ध्या तिकिटाचं बसकार्ड मिळालं.
आमच्याकडे बस दिवसातून दोनदा येते,
बर्फ असला तर एकदा.
पांढरा छोटा ट्रक शेडमध्ये आहे.
पहाटे पाचला ते त्यात जाऊन बसतात,
रेडिओवर हवामान ऐकतात.
पट्टा लावून.

शिगेआकी, माझा नवरा, नगरपालिकेत बर्फ उपसायच्या खात्यात आहे;
बापलेकांचं बोलणं फावड्यांविषयी असतं.
चिहो सेंदाईला केस कापायला शिकतेय.
ती विचारते, आजोबांना आता करमतं का?
मी विचारते. ते म्हणतात,
"बघितलं नाही अजून."

परवा कासाई कुंपणाशी भेटला. म्हणाला,
तुमच्या बाजूच्या ओळीतलं शेवटचं झाड मी पालटत नाही.
पालटायला जातो तर आधीच पालटलेलं असतं.
मी मान खाली घातली, माफी मागायला.
तो म्हणाला, नको नको,
पुढच्या वर्षी दोन झाडं ठेवतो.

सासूबाई हिवाळ्यापासून अंथरुणात आहेत.
जिथं पेट्या रचायचो त्याच खोलीत त्यांची खाट,
भिंतींना अजून तो वास.
उजवं अंग गेलं, जीभ थोडी वाचली.
परिचारिका सांगून गेली, दर दोन तासांनी कूस बदला,
नाहीतर पाठीला जखमा होतील.
तिनं उशी घेऊन दाखवायला सुरुवात केली.
सासरे म्हणाले, "येतं मला."

काल रात्री दोनला मला जाग आली.
दार अर्धं उघडं होतं.
एक हात खांद्याखाली, एक कमरेशी,
आणि मनगट, तेच.
वळवण्याआधी ते थांबले,
खिडकीकडे बघितलं, इवाकी डोंगराच्या बाजूला,
अंधारात काही दिसत नव्हतं,
मग दुसऱ्या खिडकीकडे, जिथून सकाळी ऊन येतं,
आणि सासूबाईंचं तोंड तिकडे केलं.
त्या जाग्या होत्या.
वाकड्या ओठांतून म्हणाल्या,
"मी काय फळ आहे?"
बराच वेळ उत्तर आलं नाही. मला वाटलं, झोपले.
"आहेस. पण फुजी नाहीस. कोक्को.
जुनी जात. आता कुणी लावत नाही.
काढली तेव्हा आंबट होती.
पण मेपर्यंत टिकते."
"हं," सासूबाई म्हणाल्या, "मे."

मी दार लोटलं, गजर लावला.
पुढची पाळी माझी, चारची.