पन्नास नंबर

गुरुवार, महिनाअखेर, सोहार बंदराअलीकडची कचेरी.
दोनच्या आत पगाराची फाइल बँकेत पोचायला हवी
आणि बद्रियाच्या पडद्यावर पुन्हा तोच पिवळा त्रिकोण:
हा पत्ता दुसरं कुणीतरी वापरतंय.

दर चार मिनिटांनी नेट जातं, येतं, जातं.
"तुझ्या केबली उंदरांनी खाल्ल्या," ती म्हणते.
मी तिची वायर उपसून बाजूला ठेवली
आणि माझ्या लॅपटॉपवरून तिच्याच पत्त्याला हाक मारली:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पन्नास.
आता कुणी नसायला हवं होतं तिथे.

ओ आली.
चार हाका, चार ओ,
शाळेत हजेरी द्यावी तशा सरळ.

आमच्या गावी एका गटनंबरावर तीन चुलते भांडत होते.
मोजणीदाराने साखळी टाकली तेव्हा
बांधावर चौथाच कुणी उभा निघाला,
शेंगा खात.
मोजणीला पर्याय नाही.

पत्ता कुणीही घेतं. यंत्राचं जन्मनाव सहसा बदलत नाही:
बारा अक्षरं, मी तळहातावर उतरवली,
स्विचला विचारलं, हा कुठल्या दारात राहतो?
सतरा.

कुंजुमोनने शिडी धरली. चहा गार होतोय म्हणाला.
खोट्या छतात डोकं घालून मी निळी केबल धरून सरकत गेले,
नमाजाच्या खोलीवरून, पॅन्ट्रीवरून,
मग भिंतीतल्या भोकातून बाहेर,
तापलेल्या पत्र्यावरून
बंद पडलेल्या पोर्टाकॅबिनमध्ये.

किल्ली रोवेनाच्या खणात, स्टेपलरच्या खाली.
आत एसी नाही, खुर्ची नाही,
रिकाम्या खोक्यांच्या मागे भिंतीवर
हजेरीचं जुनं यंत्र. हिरवा दिवा चालू.

कपाळावर चिकटपट्टी, बॉलपेनने, देवनागरीत:
हात लावू नये. दुखंडे.

माझ्या आधीचा.
कुणी म्हणतं सलालाला गेला, कुणी म्हणतं कायमचा घरी.
इथे अरबी वाचतात, मल्याळम वाचतात, टागालोग.
हे कुणासाठी लिहून ठेवलं होतं त्याने?

घड्याळ दीड तास पुढे.
आधी बिघडलंय वाटलं.
मग मनातल्या मनात घरचे किती वाजले ते मोजलं
आणि गप्प बसले.

बोट टेकवून पाहिलं. यंत्रातली बाई म्हणाली,
पुन्हा प्रयत्न करा.
आत एक्केचाळीस माणसांची बोटं अजून कामावर होती.

"उपटून फेक," बलूशी साहेब फोनवर.
हो म्हटलं.

सर्व्हर पत्ते वाटतो आठ दिवसांच्या भाड्याने,
माझा व्हिसा दोन वर्षांच्या.
मी वाटपाच्या यादीतून पन्नास वगळला,
बद्रियाला त्र्याहत्तर दिला.
दोनला दहा कमी असताना फाइल गेली.
तिने चिप्सचं अर्धं पाकीट माझ्याकडे सरकवलं,
उंदरांबद्दल काही बोलली नाही.

संध्याकाळी नोंदवही भरली.
दार सतरा. पत्ता पन्नास. जुनं हजेरी यंत्र.
शेऱ्याच्या रकान्यात पेन जरा वेळ टेकून राहिलं,
शाईचा ठिपका मोठा झाला.
त्याच्या शेजारी, देवनागरीतच:
हात लावला नाही.