कलम नऊ, पोटकलम ड

साखळीच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मीच ओढतो.
संघात घेतलं नाही, तेव्हा मिनीन सरांनी वही दिली:
तुझं अक्षर बरं आहे, तू गोल लिही.
तीन वर्षं दुसऱ्यांचे गोल लिहितोय,
मिनिटासकट.

यंदा गटात चार कॉलेजं,
उपान्त्य फेरीत जाणार एकच.
म्हापशाशी एक-एक.
काणकोणला दोन-शून्य.
आज फोंड्यालाही दोन-शून्य,
आणि शिट्टी झाली तरी रूझार गोलचा खांब धरून उभा,
सोडला तर खांब पळून जाईल असा.

पण आमचं नशीब अजून खेळत होतं
तासाभराच्या वाटेवर, म्हापशाच्या मैदानात,
दुसऱ्यांच्या पायांत.
त्यांचे दोन झाले होते. दोनवर थांबले तर आम्ही.
तिसरा झाला तर
सर बोटांवर मोजत होते.
बोटं पुरत होती,
तरी पुन्हा अंगठ्यापासून.

कुणी बूट काढले नाहीत.
कॅन्टीनवाल्या शांबाचा फोन गवतावर, मधोमध,
आणि आम्ही भोवती,
आजाऱ्याच्या खाटेभोवती बसावं तसे.
पलीकडे त्याचा मावसभाऊ:
"सत्त्याऐंशी जालीं... कॉर्नर... वारो खूब आसा..."
मग नुसता आवाज, शेकडो माणसांचा मिळून एक.
मग तो, हळू, जणू त्याचाच अपराध:
"तिसरो पडलो रे."

गुण सात, सात.
गोलफरक चार, चार.
केलेले पाच, पाच.
आपसातला सामना बरोबरीत.
इतकं सारखं जुळ्यांचंसुद्धा नसतं.
सरांनी खिशातून नियमांची झेरॉक्स काढली,
घामानं चिकटलेली पानं नखानं सोडवली.
कलम नऊ, पोटकलम ड:
ज्यांची पिवळी कार्डं कमी, ते पुढे.
म्हापशाची दोन.

सगळा संघ माझ्याकडे बघत होता.
तीन वर्षांत पहिल्यांदाच.

पान उलटायची गरज नव्हती, तरी उलटलं.
पहिलं, रूझार, वेळकाढूपणा.
दुसरं, ढकलाढकली, दोघांची चूक, कार्ड आम्हाला.
तिसरं, काणकोणविरुद्ध, मिनिट एकाहत्तर:
तु. मळीक. शर्ट.

तुळशीदास नळापाशी होता.
नळ वाहत होता, पण तो काहीच धूत नव्हता.

त्याच्या बापानं वीस वर्षं खाणीवर टिपर चालवला,
खाण थांबली तसा कळंगुटच्या एका हॉटेलात रात्रपाळीचा वॉचमन झाला.
दिवसा झोपतो. पोराचा एक सामना बघितला नव्हता त्यानं.
त्या दिवशी झोपलाच नाही.
चिऱ्याच्या कुंपणावर येऊन बसला, वॉचमनच्याच गणवेशात,
डबा मांडीवर.
आणि तुळशोनं डावीकडून चेंडू आत वळवला,
जाळं हललं,
तो आमच्याकडे आलाच नाही.
सरळ कुंपणाकडे धावत सुटला,
अकरा नंबर अंगातून ओढून
वर फेकला.
बापानं झेलला.
डबा पडला, भात सांडला, उकडा, लालसर.
रेफरी खिशात हात घालत चालत येत होता, सावकाश,
त्यालाही घाई नसावी.

ते वहीत नाही.
वहीत शर्ट एवढंच आहे.

"एक शर्ट," कुणीतरी म्हणालं.
कोण ते मी लिहिणार नाही.
सरांनी झेरॉक्स घडी करून पुन्हा खिशात ठेवली,
म्हणाले, बूट काढा, बस साडेसहाला सुटते.
तुळशोनं नळ बंद केला.
रूझारनं त्याच्या पाठीवर ओला टॉवेल मारला, जोरात,
आणि तो हसला की काय, ते मला लांबून दिसलं नाही.

रात्री क्रीडा विभागाचा हिशेब.
दिलेले शर्ट सोळा, परत आले पंधरा.
त्या सामन्यानंतर तुळशो सरावाच्या जुन्या शर्टावर खेळला,
पाठीला चिकटपट्टीचा अकरा लावून,
आणि आम्ही कुणी विचारलं नाही.
शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं असतं.

माझं अक्षर बरं आहे.
लिहिलं: धुण्यात विरला.