ओ

नळस्टॉपजवळच्या तळघरात, एसीच्या घरघरीखाली,
माझ्यासमोर एकाच बाईच्या दोन काचा.
एक फाल्गुनातली, एक भाद्रपदातली.
मध्ये आठ केमो.

फॉर्मवर नाव : प्रमिला कुदळे, वय एकोणपन्नास, फुरसुंगी.

फाल्गुनातली काच तपकिरी.
पेशींची केंद्रकं भाजल्या खोबऱ्याच्या रंगाची,
शंभरातली नव्वद.
म्हणजे अंगातलं इस्ट्रोजेन हाक मारत होतं
आणि गाठ ओ देत होती.
नाडकर्णी मॅडम म्हणतात, हे त्यातल्या त्यात बरं.
हाकेवर जगणाऱ्याची हाक तोडता येते :
रोज एक गोळी, पाच वर्षं.

भाद्रपदातली काच निळी.
डावी बाजू तीच, गाठही तीच,
सुपारीची हरभऱ्याएवढी झालेली.
हाक मारून पाहिली.
ओ नाही.

आधी मी स्वतःवरच संशय घेतला.
बफर जुना? तापमान कमी? हात घाईत?
मग विसर्जनावर घेतला.
चतुर्दशीला सकाळी ऑपरेशन, दुपारपासून रस्ते बंद,
आमचा गणेश बरणी मांडीवर घेऊन अलका चौकात अडकला
पहाटेपर्यंत,
आणि फॉर्मॅलिन तर मुंगीच्या पावलांनी आत शिरतं.
तोवर आतलं मांस
आपलं आपण विसरत जातं.

पुन्हा काप घेतला. पुन्हा रंगवला.
पुन्हा निळी.

कडेला मात्र एक साधी, निरोगी दूधनलिका होती.
त्याच बरणीतली. तेच ढोल ऐकलेली.
ती तपकिरी.
स्वच्छ, ठणठणीत तपकिरी.
मी खुर्ची मागे सरकवली.
चूक माझी असती तर बरं झालं असतं,
असं मला नोकरीत पहिल्यांदाच वाटलं.

मॅडम बोटाखालच्या काउंटरवर मोजत बसल्या.
शंभरात एखादी,
तीही चहाच्या पुसलेल्या डागाइतकी फिकट.
"याला ओ म्हणायचं का गं?"
मला विचारत नव्हत्या.

ओ देणाऱ्या सगळ्या औषधाने मारल्या
आणि पहिल्यापासून मुक्या होत्या त्या उरल्या?
की त्याच पेशी गप्प राहायला शिकल्या?
काच एवढंच सांगते, कोण उरलं.
कसं, ते सांगत नाही.

मंगळवारी ती ब्लॉक न्यायला आली,
दुसऱ्या लॅबचं मत हवं म्हणून.
मी नाव पुकारलं, दोनदा.
तिसऱ्यांदा बाकावरून, "ओ, मीच."

डोक्यावर बोटभर केस, कुरळे.
"आधी सरळसोट होते हो," ती म्हणाली,
"परत आले ते असे. मीच का ही, असं आरशाला विचारते."
मी पावतीपुस्तक उघडलं.

"गोळी सुरू होईल ना आता?"
ते डॉक्टर ठरवतील, मी म्हटलं.
कधीकधी पहिला रिपोर्टही धरतात.
कधीकधी. हा शब्द मी जरा हळू म्हटला
आणि तिने तो बरोबर ऐकला.

मेणाचे दोन ठोकळे तिने रुमालात बांधले,
रुमाल स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत.
पिशवीत तुळशीबागेतली गोळ्यांची डबी होती,
सात खणांची, सोम ते रवि, कोरी.
फक्त रविवारच्या खणात
बसचे सुट्टे पैसे होते.