इतर हक्क

गावाचं नाव सेंटर. नेब्रास्का, नॉक्स काउंटी.
कशाचं सेंटर ते विचारू नका:
एक कोर्ट, एक पाण्याची टाकी, नव्वदेक माणसं
आणि क्षितिजापर्यंत काटकोनात कापलेला मका.

मी तळघरात जुनी दप्तरं स्कॅन करतो,
तासाच्या बोलीवर.
वर पाइपांची खडखड, खाली अठराशे साठ.

बाई आल्या तेव्हा मी डबा उघडत होतो.
नाव सांगितलं, ड्रुसिला रॉय.
रॉय म्हटल्यावर मान वर केली, वाटलं बंगाली.
हसल्या. "फ्रेंच. कातडी विकत घ्यायला आलेला एक जण.
बाकी आम्ही सगळे पोंका."

त्यांना हवी होती नायोब्रारा नदीकाठची एक जागा,
पणजीच्या आईची.
तीन कॉटनवूड होते, आणि मका लाल होता.
एवढाच पत्ता.

मी फेरफार काढले. उलट्या पावली गेलो:
बँकेकडे मुलाकडून, मुलाकडे विधवेकडून,
विधवेकडे नवऱ्याकडून, तो बोहेमियातून आलेला,
त्याला सरकारकडून एकशे साठ एकर,
पाच वर्षांच्या वहिवाटीवर.
आणि सरकारला कुणाकडून?
तिथे रेघ.
पट्टीनं ओढलेली, शाई अजून काळीभोर.

आमच्याकडे सातबाऱ्यावर एक कोपरा असतो, 'इतर हक्क'.
विहिरीतला हिस्सा, जायची वाट, कुळाचं नाव,
जे मालक नाहीत पण आहेत
ते तिथे दाटीवाटीनं राहतात.
इथल्या कागदाला तो कोपराच नव्हता.

मग मोजणीच्या वह्या. ओबेड व्हिटलॉक, सरकारी मोजणीदार,
मुंगळ्यांच्या रांगेसारखं अक्षर:

उत्तरेस. नऊ साखळ्यांवर ओढा, रुंदी वीस कड्या.
एकतीसवर पायवाट, वायव्येस जाते.
चाळीसवर खुंटा ठोकला.
चव्वेचाळीसवर मक्याचं शेत, कुंपण नाही.
एक बाई खुरपत होती. उठली नाही.
साखळी वाफ्यातून नेली.
जमीन उत्तम. वसाहतीस योग्य.

बाईंनी 'उठली नाही' वर बोट ठेवलं
आणि बराच वेळ उचललं नाही.
मला वाटलं, रडतील. त्यांनी विचारलं,
"साखळी म्हणजे किती?"

सहासष्ट फूट. शंभर कड्या.
हे मला इथे येऊन शिकावं लागलं नव्हतं.
माझे काका भोरला भूमापनात होते;
अर्धी साखळी तेहतीस फूट, तिचा चौरस म्हणजे गुंठा.
त्याच साहेबाचं माप, आमच्याही चिखलातून ओढलेलं.
पण आमची नावं बांधावर राहिली.
हे मी बोललो नाही.

पुढचं दप्तर काढायला उठलो तर म्हणाल्या, नको.
सत्त्याहत्तर सालचं त्यांना तोंडपाठ होतं:
दक्षिणेकडे चालवत नेलं, पाऊस थांबेना,
बियाणं कुणी कमरेला बांधलं, कुणी पुरून ठेवलं,
पुरलेलं कुठे ते सांगायला कोण परतलं, कोण नाही.
एवढं सांगून पर्समधून चष्म्याचं फडकं काढलं,
चष्मा पुसला, परत घातला नाही.

पानाला एक डॉलर.
पावतीवर 'कशासाठी' असा रकाना असतो.
मी पेन धरून थांबलो.
"लिही," म्हणाल्या, "खुरपणी."

डबा गार झाला होता. खिडकी तळघराची,
तिच्यातून माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात.
पांढरे कॅनव्हासचे बूट ओळखले मी.
पार्किंगमध्ये पावलं मोजत होत्या,
टाचेला चवडा लावून, भिंतीपासून सरळ.
मधे कुणाचा तरी पिकअप उभा.
वळसा घालता आला असता.
बूट तिथेच थांबले, टायरपाशी,
गाडीवाला जेवून परत येईपर्यंत.